बाकड्यावरचं पोतं

येलदरीकडच्या जंगलात पर्यटकांसाठी एक तळं राखलं आहे. तिथं चतुर किड्यांच्या किती जाती आढळतात हे पाहायला मी गेले होते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समोरचा ऐको न ऐको, बोलत राहायची खोड त्यातूनच जडली. त्या दिवशी मात्र सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घडा म्हणजे गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष, सत्तरीचे एक काका. दुसऱ्या दिवशी ते काठावरचं सगळं लव्हाळं कापून काढणार होते.

"काका, चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात. मोठी झाली की याच काड्या धरून वर येतात, कात टाकतात आणि उडतात. काड्याच नसल्या तर चढतील कुठं?"

"बाई, तुमचं बराबर हाय. पर लोकं येतेत आन् पाणीच दिसंना म्हणून माघारी जातेत. आमच्या बायका सकाळधरनं भाकरी थापायल्यात, त्यायचं काय?"

बायका खरंच चुलीपुढं गिऱ्हाइकाची वाट पाहत बसल्या होत्या. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला.

तळ्याकाठी काळ्या ग्रॅनाइटची दोन नवी बाकडी होती. काकांनी दहा जणांच्या मागं लागून ती करून घेतलेली. रोज स्वतः पुसून अशी लखलखीत ठेवायचे की त्यात आभाळ दिसायचं. आल्यागेल्याला ती दाखवताना त्यांचा चेहरा फुलायचा.

ऊन वर आलं तसे चतुर उडू लागले. एक पिवळसर मादी पाणी सोडून बाकड्यावर आली. शेपटीचं टोक दगडाला टेकवायची, उडायची, पुन्हा टेकवायची.

"काय करायलीय ती?" काकांनी विचारलं.

"अंडी घालतेय. चकाकतंय ना, तिला ते पाणीच वाटतंय."

काकांनी दगडावर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. "आगं आई! लय तापलंय. हितं जगतेत का अंडी?"

"नाही, काका."

त्यांनी उपरण्यानं तिला हुसकलं. ती परत आली. पुन्हा हुसकलं, पुन्हा आली. शेवटी त्या तापलेल्या दगडावर ते स्वतःच जाऊन बसले. "तिकडं पाण्यात जा की गं माय," ते तिला विनवू लागले. मला हसू आलं. ती तळ्याकडं वळल्यावरच ते उठले.

दुसऱ्या दिवशी माणसं विळे घेऊन आली. काकांनी चुलींसमोरची तेवढी पट्टी कापून घेतली, म्हणजे जेवणाऱ्यांना पाणी दिसावं. बाकीच्या लव्हाळ्याला कुणाला हात लावू दिला नाही.

दोन्ही बाकड्यांवर आता गोणपाट अंथरलेलं असतं. इतक्या देखण्या दगडावर पोतं कशाला, असं नवखे लोक विचारतात.

काका सांगतात, "अवघडल्याली बाई दार चुकायली व्हती, म्हणून."