दहावीसराव मधे जागा सोडतात

दहावीसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. हा माणूस आयुष्यभर ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत आला ती बेसिक नावाची जुनी भाषा. तिच्यात प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागायचा. एक, दोन, तीन असे सरळ नंबर देणारा पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला यायचा, कारण मधे एखादी ओळ घालायची राहिली तर घालणार कुठे? म्हणून जाणती माणसं दहा, वीस, तीस असे नंबर द्यायची. उद्या काही सुचलं तर पंधरा नंबर टाकून ओळ लिहायची, की यंत्र आपलं आपण ती दहा आणि वीसच्या मधे नेऊन बसवायचं. आणि ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, याची त्याला काही पडलेली नसायची. नंबर आला की ते ओळ चालवून मोकळं व्हायचं.

ऑफिसापुरतं हे चाललं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ही खोड त्यांच्या हाडीमाशी खिळली. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन डब्यांच्या मधे आणखी एक डबा बसेल एवढी जागा. सोफ्यावर बसायचे ते एका टोकाला, अंग चोरून. बोलतानासुद्धा दोन वाक्यांच्या मधे इतका वेळ थांबायचे की समोरच्याला वाटायचं, संपलं. तो बिचारा निरोप घेऊन निघून जायचा, आणि दहावीसराव दुसरं वाक्य भिंतीला सांगायचे.

"अहो, या साखरेच्या आणि मिठाच्या मधे कोण राहायला येणार आहे?" बायको विचारायची.

"येतं कोणीतरी," ते म्हणायचे.

"तोवर मी तिथे डाळ ठेवते."

"ठेव की. त्यासाठीच आहे."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

असे हे दहावीसराव निवृत्त झाले, आणि निरोपसमारंभात त्यांना बोलायला उभं केलं. भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य नीट झालं. मग ते सवयीप्रमाणे थांबले, आणि दुसरं वाक्य आलंच नाही. घशाला कोरड पडली, बोबडी वळली. समोर अख्खं ऑफिस, पहिल्या रांगेत बायको आणि मुलगी. त्यांनी आशेने मुलीकडे पाहिलं, तर ती उठली आणि तडक हॉलच्या बाहेर गेली. दहावीसराव हात जोडून खाली बसले. लोकांनी दणकून टाळ्या वाजवल्या, पण त्यांच्या कानात फक्त दार लागल्याचा आवाज राहिला.

लेकीला आपली लाज वाटली, हे त्यांनी त्या दिवशी मनाशी पक्कं करून टाकलं. विचारलं मात्र नाही. ती घरी यायची, गप्पा मारायची, हक्काने डबे भरून न्यायची. ते हसून बोलायचे आणि आत कुठेतरी खुपत राहायचं.

मुलगी स्वतःही प्रोग्रॅमच लिहायची, पण नव्या भाषांत. एक दिवस येऊन म्हणाली, "बाबा, शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसात जुन्या भाषांची खिल्ली उडवायचा कार्यक्रम आहे. तुम्ही या ना बोलायला. तुमच्याएवढ्या गमती कुणाकडे नाहीत."

दहावीसरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून ते हो म्हणून बसले. रात्री ताटावर बसल्यावर मात्र घास उतरेना.

"काय झालंय?" बायको म्हणाली.

"परत तसंच झालं तर? मागच्या वेळी ती उठून गेली. आता तिच्याच ऑफिसात. तिने जायचं कुठे?"

"तुम्ही एवढे दिवस हे मनात घेऊन बसलात? अहो, विचारायचं ना तिला."

"काय विचारू? तुला माझी लाज वाटते का, म्हणून? आणि ती हो म्हणाली तर?"

बायकोने कपाळावर हात मारला, आणि पुढे काही न बोलता त्यांच्या ताटात भात वाढला. एरवी बाई गप्प बसणारी नव्हे, पण हे दहावीसरावांच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी भाषण पाठ करायचं सोडलं आणि कार्डांवर लिहून काढलं. कार्डांना नंबर अर्थातच दहा, वीस, तीस. "मधे काय घालणार आहात?" बायकोने विचारलं. "काही नाही, सवय," ते म्हणाले. शनिवारी मुलगी न्यायला आली तेव्हा ते अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर कार्डांचा गठ्ठा टेबलावर जागच्या जागी, आणि मायलेकी अगदी गरीब चेहऱ्याने भाजी निवडत बसलेल्या.

हॉल काचेचा, उजेडाने भरलेला. पोरंपोरी जमिनीवरच्या मऊ गाद्यांवर पसरलेली. आधी एकजण येऊन शून्यापासून मोजणाऱ्या भाषांना नावं ठेवून गेला, आणि चांगलाच हशा मिळवून गेला. मग दहावीसराव उभे राहिले. टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास होता. मुलगी भिंतीशी, दाराजवळ उभी. दाराजवळच का, असं त्यांच्या मनात आलंच.

त्यांनी दहा नंबर वाचला. नमस्कार-चमत्कार झाले. वीस वाचला, नंबरांची गंमत सांगितली. लोक हसले. मग पुढचं कार्ड उचललं, आणि जे यंत्र करतं तेच त्यांनी केलं. नंबर आला, वाचून टाकलं.

"पंचवीस. इथे थांबा आणि पाणी प्या. घसा कोरडा पडतो तुमचा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. दहावीसरावांनाही. अक्षर बायकोचं होतं. हॉल खदखदून हसायला लागला. तेच हसू, ज्याची त्यांना धास्ती होती, पण कसं कोण जाणे, या हसण्याची भीती वाटली नाही. ते निमूटपणे पाणी प्यायले.

"बघा," ते म्हणाले, "याचसाठी मधे जागा सोडतात. घरच्या माणसाला काही घालायचं असतं."

मग गाडी रुळावर आली. चाळीसला त्यांनी सांगितलं, की नंबरांमधली जागा संपली की यंत्राला 'पाच हजार नंबरला जा' म्हणून पिटाळावं लागायचं. "माझा एक प्रोग्रॅम पंप चालू करायला निघायचा, वाटेत सगळ्यांच्या रजा मोजायचा, कुंपणाला रंग कधी दिला ते बघायचा आणि मग पंपाशी पोचायचा. तोवर टाकीत खडखडाट." पंचेचाळीसला बायकोने लिहिलं होतं, 'चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय, वर घ्या.' तो खरंच आला होता. पन्नासला, आकड्यांना जी नावं द्यायची त्यातली फक्त पहिली दोन इंग्रजी अक्षरं यंत्र बघायचं ती गंमत. "मी पाण्याला पाणी म्हटलं, पगाराला पगार. यंत्राला दोन्ही एकच, पी-ए. टाकी काठोकाठ भरली त्या महिन्यात पहारेकऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर साहेबांपेक्षा मोठा आकडा आला. त्यानंतर तो कुणाला नळाला हात लावू देईना." पोरं हसून हसून गाद्यांवर लोळली. साठही झाला. आता सत्तरला आभार मानले की सुटलो, असं मनाशी म्हणत त्यांनी कार्ड उचललं.

"पासष्ट," ते म्हणाले, आणि थांबले.

अक्षर बायकोचं नव्हतं. 'बाबा, आईने सगळं सांगितलं. त्या दिवशी मी बाहेर गेले ती तुमच्यासाठी पाणी आणायला. परत आले तर तुम्ही खाली बसला होतात. तो ग्लास हातात धरून मी टाळ्या वाजवू शकले नाही. आजचा आधीच भरून ठेवलाय.'

त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, आणि मग पुन्हा एकदा वाचलं. समोरून कुणीतरी ओरडलं, "काका, वाचा की मोठ्याने!" दहावीसरावांनी वर पाहिलं. मुलगी दाराजवळून हलली नव्हती, आणि तिच्या हातात पाण्याचा जग होता.

"यातही पाणीच प्यायला सांगितलंय," ते माईकमध्ये म्हणाले.

त्यांनी ग्लास उचलला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. घसा तसा कोरडा नव्हता. मग रिकामा ग्लास त्यांनी दाराच्या दिशेने पुढे केला, आणि मुलगी गाद्यांमधून वाट काढत तो भरायला आली.