येळवशीची ड्युटी

येळवस उजाडली की रेणापूर दुपारपर्यंत ओस पडतं. वेळ अमावास्येचा हा सण शेतातच करायचा, त्यामुळे ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याचं नाही तो कुणाच्या तरी शेतात जेवायला जातो. या दिवशी ज्याला बोलावणं आलं नाही असा माणूस आमच्या भागात शोधून सापडायचा नाही. दुकानांची शटरं खाली, टपऱ्या बंद, आणि भर रस्त्यात कुत्री ऐसपैस आडवी झालेली. अशा गावात मन्मथ मात्र वीज उपकेंद्राच्या खोलीत तक्रारींचं रजिस्टर उघडून एकटा बसलेला असायचा. यंदाचं हे सलग पाचवं वर्ष होतं.

"तुमी जावा रे, मी बसतो," असं तो आठ दिवस आधीच सांगून टाकायचा. सोबतचे लाइनमन खूश. मन्मथभाऊसारखा माणूस नाही म्हणत ते बायकापोरांना गाडीवर बसवून निघायचे. मन्मथभाऊच्या या दिलदारपणाचं मूळ त्याच्या खुब्यात होतं, हे त्यांना काय ठाऊक.

एके काळी तो स्वतः लाइनमन होता. खांबावर असा सरसर चढायचा की खाली शिडी धरणाऱ्याला नुसतं वर बघत उभं राहावं लागे. तेहतिसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. ठरलेलं लग्न मोडलं, आईनं काळजीनं अंथरूण धरलं ते परत उठलीच नाही, आणि शेवटी थोरली बहीण सिंधु पुढं झाली. सासरच्यांनी तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून पाहिल्या. तिनं सगळ्या ऐकून घेतल्या आणि आपली एक किडनी भावाला देऊन मोकळी झाली. त्याला आता आठ वर्षं झाली होती. तपासणी झाली की मन्मथ तिला फोन करायचा, "अक्का, तुझी किडनी माझ्यापेक्षा शहाणी हाय." ती हसायची, आणि त्या हसण्यावर मन्मथचे पुढचे तीन महिने निघायचे.

खांबावर चढणं बंद झालं, टेबल मिळालं. पहिली काही वर्षं बरी गेली. मग डाव्या जांघेत कळ यायला लागली. बसून बसून आखडलं असेल, असं त्यानं धरून चाललं. कळ आधी पायरी चढताना यायची, मग पँट घालताना यायला लागली, आणि एक दिवस मांडी घालून बसलेला मन्मथ उठेचना. लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून समोर बसवलं. किडनी टिकावी म्हणून जी स्टिरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते, तिच्यामुळं खुब्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता. हाड आतल्या आत मरत होतं.

"काही जणांना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "पण ती गोळी मनानं बंद करायची नाही. डावा खुबा आज ना उद्या बदलावा लागेल. तोवर काठी वापरा. आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाऊ नका, त्या किडनीला बाधतात."

खुबा बदलायचा म्हणजे दवाखान्यात सोबत माणूस हवं, आणि मन्मथला माणूस म्हणजे एक सिंधु. आपलं अंग चिरून दिलेली किडनी जपायला भावानं हाडं घालवली, हे तिला कळलं असतं तर? आपलं देणं वाया गेलं असं तिला वाटलं असतं, निदान मन्मथला तरी तसंच वाटत होतं. त्यानं कागद पेटीत ठेवले आणि काठीही विकत घेतली नाही.

मग लपवाछपवी सुरू झाली. भाऊबीजेला पाटावर बसायची वेळ आली की "कॉटवरच ओवाळ, अक्का" म्हणायचं. ती येणार असली की आधीच खुर्चीत बसून घ्यायचं, आणि ती गेल्याशिवाय उठायचं नाही. मोठी चूक त्यानं दोन वर्षांपूर्वी केली. भाचीच्या लग्नात ताठ चालता यावं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि चार दिवस खाल्ल्या. लग्नात असा मिरवला की सिंधुनं कौतुकानं दृष्ट काढली. पुढच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनीन वर गेलेलं निघालं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? त्यानं ब्रसुद्धा काढला नाही. नशिबानं ते खाली आलं, पण त्या गोळ्यांची उरलेली पट्टी मन्मथच्या शर्टाच्या खिशात तशीच राहिली. खिशात असली की त्याला धीर वाटायचा.

आणि येळवशीला ड्युटी. सिंधुच्या सासरचं शेत गावापासून चार कोसांवर. तिथं ढेकळांतून चालायचं, कडब्याच्या कोपीत वाकून शिरायचं, पंगतीत मांडी घालायची. यातली एकही गोष्ट त्याला जमण्यासारखी नव्हती. उपकेंद्रात त्या दिवशी फोनसुद्धा वाजत नसे. कुलूपबंद घरातली लाइट गेली तर कळवणार कोण? दर तासाला मन्मथ रिसीव्हर उचलून आवाज येतो का बघायचा आणि परत ठेवायचा. चार वर्षं त्यानं हा सण असा साजरा केला.

यंदा दुपारी दोनच्या सुमाराला दारात सावली पडली. हातात डबा घेऊन सिंधु उभी होती.

"अक्का, तू कशी काय आलीस?"

"दिराची जीप फाट्याला चालली होती, उदगीरचे पाव्हणे बसनं यायलेत. बसले मागं." तिनं टेबलावर डबा उघडला. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी. "आंबिल न्हाई आणली, डॉक्टरांनी तुला ताकाचं बंद केलंय. जेव सावकाश. बस यायला अर्धा-पाऊण तास हाय. पाव्हणे उतरले की जीप हॉर्न देईल, मग मला फाट्यापर्यंत वाटं लाव."

आलेल्या बहिणीला दारातूनच निरोप द्यायचा नाही, चार पावलं सोबत जायचं, ही आपल्याकडची रीत. फाटा दोनशे पावलांवर होता. मन्मथनं मनात हिशेब केला. गोळी आत्ता घेतली तर हॉर्न वाजेतो पाय सरळ पडेल.

सिंधु रिकामा डबा घेऊन बाहेर नळावर गेली. त्यानं पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि ग्लास भरला. खिडकीतून ती दिसत होती. डबा विसळायला वाकताना तिनं डावा हात कुशीवर दाबून धरला. शस्त्रक्रियेचा व्रण थंडीत ओढतो, असं ती एकदा सहज बोलून गेली होती. परत कधी तिनं तो विषय काढला नव्हता.

मन्मथनं गोळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मागोमाग पट्टीही टाकली.

जीपचा हॉर्न वाजला तसा तो टेबलाला धरून उठला. पहिल्याच पावलाला कंबर एका बाजूला कलली. सिंधु बघत राहिली. मग आपली चाल तिनं त्याच्या चालीला आणली. निम्मी वाट झाल्यावर तिनं विचारलं, "कवापासून?"

"चार वर्षं झाली. रोजच्या गोळीनं हाड गेलंय. किडनी झकास हाय, अक्का. तुझ्या किडनीला काय बी झालं न्हाई."

"किडनीचं कोण विचारायलंय?" ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून चार पावलं चालली. "मला वाटलं, मी किडनी दिली म्हणून माझं तोंड बघायला तुला जड जातंय. म्हणून तू येळवशीला येत न्हाईस. मी बी मग विचारलं न्हाई. दरसाल कोपीत तुझं ताट वाढते. सांजच्याला गाईला घालते."

फाटा आला. जीपमध्ये पाहुणे खोळंबले होते, ती चढली आणि जीप गेली.

परतीच्या दोनशे पावलांना मन्मथला बराच वेळ लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खोलीत येऊन तो खुर्चीत बसला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं कोपीतली चार वर्षांची चार ताटं आली. तो मोठ्यानं रडला. ऐकायला गावात कोणीच नव्हतं. इतकी वर्षं त्याला तेच तर हवं होतं, पण आता ते त्याला सोसेना.

त्यानं मोबाइल काढला. सिंधुनं उचलला तेव्हा मागं जीपचा आवाज येत होता.

"अक्का," तो म्हणाला, "लई दुखतंय."