तांबडीला रस्ता शिकवताना

लग्नात वडिलांनी मला भांडीकुंडी बेताचीच दिली, पण गाय दिली. रामटेकजवळच्या आमच्या गावात लेकीला गाय देणं मोठेपणाचं मानत. नागपूरच्या लकडगंजातल्या सासरच्या अंगणात गाय बांधली की माणसांना अंग चोरून जावं लागेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. लग्न वैशाखात झालं आणि गाय आली भादव्यात, माहेरच्या बंडीमागं, म्हणजे बैलगाडीमागं, चालत. रंगानं तांबडी म्हणून नावही तांबडी. पहिल्यांदाच गाभण होती, दिवाळीच्या आसपास विणार होती आणि कमालीची खाष्ट होती. माझ्याखेरीज कुणाला जवळ फिरकू देत नसे. सासरे लाकडाच्या टालावर नोकरीला होते. दिवसभर हत्तीएवढ्या ओंडक्यांत वावरणारा माणूस, पण तिनं शिंग रोखल्यावर ओसरीवर चढले ते चढलेच.

साठीचं दशक संपत आलं होतं. पूर्व नागपुरात तेव्हा घरोघरी एखादं जनावर असायचं. सकाळी सगळी गुरं आखरावर जमत. आखर म्हणजे वस्तीच्या टोकाची मोकळी जागा. तिथून ढोरकी, म्हणजे गुरं राखणारा म्हातारा, ती कळमन्याकडच्या पडितावर चारायला नेई. संध्याकाळी परत आखरावर आणून सोडली की त्याचं काम संपलं. तिथून पुढं प्रत्येक गाय आपल्या गल्लीत, आपल्या दारात, आपली आपण जायची. म्हणून नवी गाय आली की रीत अशी होती : काही दिवस घरच्या माणसानं तिच्यासोबत पडितावर जायचं, दिवसभर तिथंच थांबायचं आणि संध्याकाळी तिला घरापर्यंत आणायचं. गाय रस्ता शिकली की माणूस सुटला.

आमच्याकडं माणूस म्हणजे मीच. नवरा सकाळी आठलाच कामावर जाई आणि सासूबाई जवळ गेल्या की तांबडी लाथ उगारी. नव्या सुनेनं ढोरांमागं हिंडायचं म्हणजे लोक काय म्हणतील, यावर घरात दोन दिवस खल झाला. अखेर सासऱ्यांनी माझ्याकडं न बघता परवानगी दिली.

"मागच्या गल्लीनं जाजो. आन् डोक्यावरचा पदर पडू देऊ नको."

आता त्या पडितावर घरं झाली आहेत. एकावर एक, कबुतरांच्या खुराड्यांसारखी. मला त्यांचा राग येतो. त्यात राहणाऱ्यांचा काही दोष नाही, पण येतो. कारण तिथं मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा गुडघ्याच्या वर गवत होतं, मध्येच पळसाची झाडं होती, आणि खालच्या अंगाला एक बोडी होती, छोटंसं तळं, त्यात गुरं पोटापर्यंत उभी राहायची. गाईच्या पायांत पांढरे बगळे निर्धास्त फिरत. लग्नाला चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत मी एकदाही पाय पसरून बसले नव्हते. सासरी मी उकिडवी बसे, नाहीतर उभी असे. पळसाखाली मी पाय लांब केले आणि मला चक्क रडू आलं. दुःखानं नव्हे. पाय सुटे झाले म्हणून.

दुपारी शिदोरीतली पोळी-ठेचा खायचा. ढोरकी बोडीवरून ओले शिंगाडे आणून माझ्या पदरात टाकायचा आणि लांब जाऊन आपल्या काठीवर रेलायचा. मी शिंगाडे सोलायची, माहेरची गाणी म्हणायची, मध्येच डुलकी काढायची. घरात मला कुणी छळत नव्हतं, हे सांगायला हवं. पण छळ नसला तरी सतत कुणीतरी बघत असतं. तिथं फक्त गुरं बघत होती, आणि तीही चरताना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आखरावर पोचलो, मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकले, आणि मान वर करते तो तांबडी नाही. मी धावत सुटले. ती आमच्या गल्लीत शिरली, दोन दारं सोडली आणि आमचं फाटक डोक्यानं ढकलून आत गेली. मी मागून जाऊन घाईघाईनं तिचं दावं हातात घेतलं. सासूबाई बाहेर आल्या.

"शिकली का वं रस्ता?"

"नाही ना. मीच आणली ओढत," मी म्हणाले.

इतकं सफाईनं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. आणि मग ते रोजच बोलू लागले. आखर आलं की दावं घट्ट धरायचं, आणि तीच मला ओढत नेत असताना आपण तिला ओढतोय असं दाखवायचं. ढोरक्याला हे कळायला किती वेळ लागणार? आठव्या दिवशी तो म्हणाला, "बाई, हे गाय तं कवाचीच शिकली. तुम्ही काहून उन्हात येऊन राहिल्या?" मी त्याच्याकडं पाहून नुसती हसले. तोही हसला आणि बोडीकडं गेला. त्या दिवशी शिंगाडे जास्त आणले.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, सासऱ्यांनी जेवताना निकाल दिला.

"दहा दिवसांत जे ढोर रस्ता शिकत नाही, ते कधी शिकत नाही. उद्या कोंडवाड्यात गेली तं सोडवाले कोण जाईन? रविवारी हिच्या माहेरची बंडी येते. मागं बांधून देऊ परत."

माझ्या हातातली वाटी कलंडली. माहेरचं त्या घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक होतं. ती गाभण, तिचं पहिलं वासरू माझ्या अंगणात व्हायचं होतं. आणि ती चालली होती ती माझ्या खोट्यामुळं. खरं सांगावं तर माझी छी-थू होणार, न सांगावं तर गाय जाणार. शनिवारी पडितावर मी शिंगाड्याला हातही लावला नाही. तांबडीच्या गळ्यात पडून तिची माफी मागितली. तिनं माझा पदर चावला.

त्या संध्याकाळी सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. तांबडीला खुंट्याला बांधून मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, तांबडीले रस्ता येते. चवथ्याच दिवशी आला. मीच खोटं बोलली."

सुपातला त्यांचा हात थांबला. "काहून?"

"मले तिथं बरं वाटते."

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"काय हाय तिथं?"

मी सांगितलं. आधी अडखळत, मग भडाभडा. पळस, बोडी, बगळे, शिंगाडे. पाय पसरून बसते तेही सांगितलं. गाणी म्हणते तेही. त्या ऐकत राहिल्या. तेराव्या वर्षी या घरात आलेली बाई. तीस वर्षांत त्यांना विहीर, बाजार आणि देऊळ एवढेच रस्ते माहीत होते, आणि कार्तिकात एकदा रामटेक, तेही सगळ्या घराला घेऊन. कळमना आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं. त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सासरे टालावरून आले. पाय धुता धुता म्हणाले, "मंग उद्या बंडीवाल्याले सांगू ना?"

सासूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"कायले? शिकली ते रस्ता. शेवटच्या वळणावर जराशी अडते. सूनबाईच्या एकटीच्यानं नाही होत. उद्या मी जातो तिच्या संग."

सासऱ्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा तांबडीच्या शिंगांकडं, आणि ते पाय पुसून आत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. सासूबाई आधी पळसाखाली उकिडव्याच बसल्या, पाहुणीसारख्या. दुपारपर्यंत त्यांचे पाय सरळ झाले होते. पदर खांद्यावर आला होता आणि त्यांनी तो सावरला नाही. उन्हं कलल्यावर ढोरक्यानं गुरं वळवली, तेव्हा त्या सगळ्यांत शेवटी उठल्या.

आखरावरून तांबडी सवयीनं आमच्या गल्लीकडं झपाझपा निघाली. ज्या गाईला त्यांनी आजवर हात लावला नव्हता, तिच्या दाव्याला सासूबाईंनी पुढं होऊन हात घातला आणि तिला मागं ओढलं.

"हळू चाल वं माय," त्या म्हणाल्या, "घर कुठं पळून राहिलं?"