कादर टप्पा पडू देत नाही

लोणावळ्याच्या एका वकीलसाहेबांच्या बंगल्यात टेनिसचं कोर्ट होतं. बारा वर्षं कादरनं तिथं चुन्याच्या रेघा मारल्या, चेंडू उचलले. खेळायची मात्र बंदी. म्हणून रोज संध्याकाळी गडी चाळीमागं दोरी बांधून बॅडमिंटन खेळे. त्याची बायको जाहिदा म्हणे, नोकरीत एवढा घाम गाळला असता तर बंगला आपलाच झाला असता!

एकसष्ट साली एका रविवारी खेळ बघायला पाहुणे जमले, पण साहेबांचा चौथा भिडू आलाच नाही.

"कादर, समोर जाळीपाशी नुसता उभा राहा."

नुसता उभा राहील तो कादर कसला? बॅडमिंटनचं फूल जमिनीला टेकलं की डाव गेला, ही सवय हातात मुरलेली. येईल तो चेंडू तो हवेतच मनगटानं परतवू लागला.

"अरे गाढवा, एक टप्पा चालतो!" साहेब ओरडले.

"तुम्हाला चालतो, साहेब. मला नाही चालत."

साहेब हरले. घाम पुसत म्हणाले, "चल, चेंडू गोळा कर."

"आज मी खेळाडू आहे. हरलेल्यांनी गोळा करावेत."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"येणार. खेळायलाच येणार," म्हणत कादर चक्क साहेबांच्या वेताच्या खुर्चीत बसला. पाहुणे इतके खदखदून हसले की शेवटी साहेबच ढेरी सावरत चेंडू उचलायला वाकले.