साडूच्या गाडीचा पंखा

धोंड्याच्या महिन्यात आष्टीजवळच्या सासरवाडीला निघालो तेव्हा जीप धुऊन पुसून घेतली होती, सीटला नवं कव्हर घातलं होतं. सासऱ्यांना पालीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे घेऊन जायचं मी कबूल केलं होतं. आक्का अंथरुणाला खिळलेली आणि सासऱ्यांची कंबर धरलेली, त्यामुळे भावाबहिणीची गाठ पडत नव्हती. ती मी घालून देणार होतो. मी.

वाण द्यायला दोन्ही जावई बोलावलेले. धाकटा साडू पुण्याहून आला तो चक्क घर घेऊन. बसएवढी परदेशी गाडी, आत पलंग, शेगडी, बेसिन, संडाससुद्धा. जुनीच घेतली हौसेनं, म्हणाला. सगळी गल्ली गोळा झाली. माझ्या जीपमध्ये डिझेलचा वास येतो म्हणून नाकाला पदर लावणारी माझी बायको त्या गाडीतला फ्रिज उघडझाक करून बघत होती. पोटात दुखायला लागलं ते अनारसे खायच्या आधीच.

सासरे पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "हितंच पडून आक्काकडं जाता येईल की!"

माझ्या जीपचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

मग साडू हळूच म्हणाला, "साडूभाऊ, गाडी फार तापते हो. घाटात तीनदा थांबलो." मनात उकळ्या फुटल्या. तोंडावर मात्र मी काळजी आणली.

रस्त्यावरचा एक मिस्त्री आला. इंजिन गार करणाऱ्या पंख्याचा पट्टा शोधला, सापडला नाही. पंख्याला वीज देणारी वायर शोधली, तीही नाही. "पंखा काढून टाका, दोन दिवसांत दुसरा बसवून बॅटरीला डायरेक्ट करू," म्हणाला. आमच्या जिल्ह्यात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, डायरेक्ट. सासरे खाली उतरून ओट्यावर बसले. मी लगेच जीप पुढे आणली. त्यांनी एक पाय वर टाकला, कळवळले आणि परत ओट्यावर जाऊन बसले.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं. न्हाई दिसत नशिबात आक्का."

मला गाडीचं दुखणं केव्हाच कळलं होतं. ऊस तोडायच्या मशीनवर माझी हयात गेली. तिथंही पंखा पट्ट्यावर नाही, तेलाच्या दाबावर फिरतो. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसून होतो, कारण गाडी दुरुस्त झाली की म्हाताऱ्याला घेऊन जाणारा साडू ठरणार होता. पण टोपी मांडीवर काढून बसलेल्या त्या माणसाकडे बघवेना.

मी गाडीखाली शिरायला लागलो तशी सासू धावत आली. "धोंड्याचा जावई गाडीखाली? नव्या कपड्यात? गाव काय म्हनंल?" सासरवाडीला जावयानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नसतो. मी तसाच घुसलो. टाकीत तेल बरोबर होतं, नळी कुठं गळत नव्हती, पण इंजिन उकळत असताना पंखा मात्र आळसावून फिरत होता. पंख्याला तेल किती सोडायचं हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा वायरीचा प्लग मी उपटला; हुकूम तुटला की तो सगळंच तेल सोडतो. पंखा असा गरजला की गल्लीतली कुत्री पळाली. म्हणजे पंप धड, पंखा धड, खोट होती ती हुकूम देणाऱ्या वायरीत. ती नंतर पुण्यात बघता येणार होती. तोवर प्लग तसाच काढून ठेवायचा, पंखा पूर्ण जोरात फिरत राहतो.

"तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं, साडूभाऊ!" साडू म्हणाला. माणूस मनानं चांगला आहे, त्याचाच जास्त राग येतो.

निघालो. साडू स्टिअरिंगवर, शेजारच्या गादीच्या खुर्चीत माझी बायको. मी दाराजवळच्या पायरीवर, माझे कपडे तेलकट म्हणून. मागे पलंगावर सासऱ्यांनी फोन लावला.

"आक्के, निघालो बग! धाकल्या जावयानं आनलीया गाडी, झोपून यायलोय राजावानी... काय? न्हाई ऐकू येत... आगं, गाडी लई झ्याक हाय, निस्ता पंखा लई बोंबलतोय."

मग फोनवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"थोरलं पाव्हणं, तेवढा त्यो पंखा बंद करता येतो का बगा की."

"न्हाई येत, मामा," मी म्हणालो.