हळदीचे हात

सुनेने बी-कॉम्प्लेक्सची बाटली उघडली की त्या उग्र वासाने मला कुरवंड्यातला पुतणीच्या हळदीचा मांडव आठवतो. माझ्या हातांवर तेव्हा गजकर्णासारखे गोल चट्टे उठले होते. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "हे संसर्गाचं नाही, औषधाचीही गरज नाही." तरी काहीतरी द्याच म्हणून मीच हट्टाने याच व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून घेतल्या. हळदीच्या दिवशी पुतणी पाटावर बसली होती. मी हळदीच्या वाटीत बोटं बुडवली, तोच चुलतसासूबाई ओरडल्या, "अगं ए, त्या हातानं नगं! पोरीला लागन हुईल." मी म्हणाले, "आत्याबाई, याची लागण होत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." "मग जेवल्यावर रोज गोळ्या कशाला गिळतीस गं?" बायका हसल्या. पुतणी म्हणाली, "लाव गं काकू, मला चालतंय," आणि तिने गाल पुढे केला. मी मात्र बोटं पदराला पुसली आणि मांडवाच्या टोकाला खुर्च्या मांडायला निघून गेले. चट्टे पुढे आपोआपच गेले. पुतणी अजूनही हळदीचे फोटो काढून बघते आणि म्हणते, "म्हातारीनं तुला लावू दिली नाही ना!" बोटं मीच पदराला पुसली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.