होयबाचं बटण

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराला सगळी इमारत होयबा म्हणते. नाव मीच ठेवलं. नावं ठेवण्यात माझा हात कोण धरणार?

"अरे, नळ गळतोय, बघतोस?"

"हो काकू!"

आणि ठरल्या वेळी स्वारी गायब, फोन बंद. लबाड नाही हो बिचारा. 'नाही' म्हणायचं झालं की त्याची दातखीळ बसते, एवढंच.

त्याची कंपनी हॉटेलांना, गोदामांना तात्पुरती माणसं पुरवते. आज वाढपी हवेत, उद्या हमाल. माणसांना काम फोनवरच कळतं आणि तिथेच 'होकार' किंवा 'नकार' दाबायचा. त्या अ‍ॅपवर कुठलं बटण कुठे आणि त्यावर शब्द कोणता, हे ठरवणारा आमचा होयबा!

तर झालं असं, की माणसं 'होकार' दाबायची आणि कामावर उगवायचीच नाहीत. साहेब म्हणाले, दंड लावा. होयबा पुटपुटला, "सर, नकार दिला तर पुन्हा बोलावणार नाहीत, अशी भीती असते."

"तुला रे कसं माहीत?"

उत्तरादाखल त्याने 'नकार' पुसला आणि लिहिलं, 'आज नाही जमत, पुढच्या वेळी जरूर विचारा.' आणि पुढच्या वेळी खरंच विचारणा जाईल, अशी सोयही केली. माणसं ते बटण बिनधास्त दाबू लागली, आधी कळल्यामुळे बदली माणूस मिळू लागला. साहेब इतके खूश, की त्यांनी याला रविवारी कामाला बोलावलं.

"हो सर!"

त्याच रविवारी त्याच्या बायकोची पोहण्याची शर्यत. पस्तिशीत पोहायला शिकलेली बाई! मागच्या दोन्ही शर्यतींना हा 'हो' म्हणून गेला नव्हता. जिन्यात ती मला म्हणाली, "काकू, या वेळी आला नाही ना, तर मी त्याला पुन्हा बोलावणारच नाही. कशालाच." बोलली हसून, पण डोळे काही हसत नव्हते.

आणि रविवारीच माझं कपाट सरकवायलाही तो 'हो' म्हणून बसला होता. मी मुद्दामच त्याला मोकळं केलं नाही. म्हटलं, बघू तरी गंमत.

शनिवारी संध्याकाळी स्वारी दारात. कान लालबुंद.

"काकू, उद्या... नाही जमत. पुढच्या वेळी जरूर विचारा."

"मेल्या, हे तर तुझ्या बटणावरचं!"

"साहेबांनाही हेच पाठवलं."

"मग? काढलं का कामावरून?"

"नाही. सोमवारी ये म्हणाले." जगातलं आठवं आश्चर्य बघून आल्यासारखा चेहरा!

बायको शेवटून दुसरी आली. तिनेच येऊन सांगितलं, केस ओले, चेहरा असा की पहिलीच आली असावी. काठावर हा इतका ओरडला, इतका ओरडला, की घसा पार बसला. पुढचे दोन दिवस कुणालाही 'हो' म्हणता येईना.

माझं कपाट आहे तिथेच आहे.